अख्खी, की नुसता सिनेमा?

“अख्खी उतरवू, की नुसता सिनेमा?”

हरिगिरी बुवा मठाच्या दारात चौकटीला टेकून लसूण सोलत बसले होते. ते सोलतच राहिले.

खालच्या पायरीवर श्रीनिवास बोंद्रे बसला होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. बुवांचा जुना शिष्य, पुण्यात कॉम्प्युटरमधला बडा साहेब. प्रश्न आणताना उत्तर खिशात घालून आणायची त्याला खोड होती. बुवा काहीही बोलले तरी ‘म्हणजे माझं बरोबरच होतं’ असं मनाशी म्हणत तो डोंगर उतरायचा. आज मात्र त्याचा खिसा रिकामा होता.

“काय उतरवतोस?”

“लग्नाची डीव्हीडी.”

“कॅसेट म्हण की.”

लग्न त्याचं आणि शलाकाचं. शलाका गेली त्याला तीन वर्षं होत आली होती. घरातलं तिचं बाकी सगळं त्याने जपून ठेवलं होतं, पण या डीव्हीडीचा मुलामा कडेनं उडायला लागला होता. ती पुरती वाया जायच्या आत कॉम्प्युटरवर उतरवून घेणं भाग होतं, आणि एकदा मशीननं ती पार कडेपर्यंत वाचली की पुन्हा चालेल याचा काही भरवसा नव्हता.

त्याने बुवांना समजावून सांगितलं. उतरवायच्या दोन तऱ्हा. अख्खी डीव्हीडी घेतली तर सिनेमाच्या आधी येणारा मेन्यूही येतो, पण सिनेमाचा शेवट असतो त्या खराब कडेपाशी मशीन घाई करतं आणि तो तुकड्यातुकड्यांनी येतो. नुसता सिनेमा घेतला तर मशीन शेवटापाशी थांबून थांबून, सावकाश वाचतं. शेवट वाचतो. मेन्यू जातो.

“मग सिनेमाच घे की. त्या मेन्यूत काय असतंय? नावाची पाटी.”

श्रीनिवास लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

बुवांनी पहिल्यांदाच मान वर केली. “ती गेल्यापासनं सिनेमा किती डाव बघितलास?”

“...एकदाही नाही.”

“मग बघतोस काय?”

“मेन्यू.”

एवढं बोलायलाही त्याला जड गेलं. मग त्याने सगळंच सांगून टाकलं. ऑफिसातून आलं की तो डीव्हीडी लावायचा, मेन्यू यायचा, आणि त्याच्यासमोर ताट घेऊन तो जेवायला बसायचा. प्ले कधी दाबलं नाही. तिची आठवण यायची म्हणावं, तर आठवण काय, सगळ्यांनाच येते. त्याला ती हवी होती. समोर बसून ‘आमटी खारट झालीय का’ म्हणून विचारणारी हवी होती. ते काही व्हायचं नाही हे त्याला कळत होतं, आणि कळून काडीचा उपयोग होत नव्हता.

“दाखीव,” बुवा म्हणाले.

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. सनई वाजायला लागली.

हिरव्या शालूतली शलाका सासरच्या दारात उभी. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप. ती उजवा पाय उचलते, मागे वळून बघते, हसते, पाय मापाला लागणार... आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शूटिंगवाल्यानं मेन्यूसाठी नेमका एवढाच तुकडा कापून घेतला होता. खाली प्लेची खूण लुकलुकत होती.

बुवांनी एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. हातातला लसूण सुपात तसाच टाकून ते पुढे वाकले.

“गोड हसतीय.”

“हो.”

“पुढं माप लवंडलं का न्हाई?”

“लवंडलं ना. चांगलं जोरात.” श्रीनिवासला हसू आलं. “तांदूळ पार देवघरापर्यंत गेले. आई म्हणाली, घर भरणार ही पोरगी.”

“ते कुठाय?”

“सिनेमात. अगदी शेवटी.”

बुवा पुन्हा पडद्याकडे बघायला लागले. मग श्रीनिवासच्या स्वभावातला जुना साहेब जागा झाला आणि त्याने आपली बाजू मांडायला घेतली. सिनेमा संपतो, म्हणाला. संपला की पडदा काळा होतो, आणि घरात आपण एकटे उरतो. मेन्यूचं तसं नाही.

“इथं ती जातच नाही, बुवा. दर वेळेला वळून बघते. माझ्याकडेच.”

सनई वाजत होती. शलाकानं पाय उचलला, वळली, हसली. पुन्हा पाय उचलला...

बुवा बराच वेळ बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. सूप उचलून त्यांनी आत भिंतीशी सरकवलं, सांडलेली सालं पायानं बाजूला केली आणि स्वतः दारातून हटून आत एका अंगाला उभे राहिले. कुणी पाहुणं यायचं असावं तशी वाट मोकळी झाली.

श्रीनिवासने मागे पायवाटेकडे पाहिलं. कुणीच येत नव्हतं.

“बुवा... कुणासाठी?”

बुवांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

“पोर कवाधरनं एका पायावर उभी हाय, श्रीनिवास. घे की तिला आत.”