एका पायाचा करकोचा

तळ्याकाठी धातूचा उंच करकोचा अजून आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या चौथऱ्यासाठी खड्ड्यात काँक्रीट काठोकाठ ओतलं होतं. काँक्रीटच्या पोटातले हवेचे बुडबुडे लाडात येऊन म्हणाले, "काय तुझा रुबाब! आम्ही आहोत म्हणून तू एवढं उंच."

काँक्रीट खूश झालं. तेवढ्यात गवंड्यांचा थरथरणारा दांडा, व्हायब्रेटर, आत शिरला आणि त्याने त्याला गदागदा हलवलं. बुडबुडे पटापट वर येऊन फुटले आणि काँक्रीट वीतभर खाली बसलं.

"मेल्या, माझी उंची खाल्लीस!" ते कळवळलं.

"जे गेलं ते तुझं नव्हतंच," व्हायब्रेटर म्हणाला. गवंड्यांनी वर आणखी घमेली ओतली, त्याने तीही हादरवली. काँक्रीट रुसूनच घट्ट झालं.

करकोचा आला, चौथऱ्यावर एका पायाने उभा राहिला. पहिल्याच वादळात शेजारच्या टपरीचे पत्रे उडाले, विजेचा खांब कलला. करकोचा घाबरून काँक्रीटला म्हणाला, "दादा, दुसराही पाय टेकवू का?"

काँक्रीटने स्वतःच्या पोटात डोकावून पाहिलं. कुठेच पोकळी नव्हती. ते वाऱ्यापेक्षा मोठ्याने गरजलं, "खुशाल एका पायावर उभा राहा! इथून तळापर्यंत सगळं मीच आहे!"