मधला स्पीकर

एकदा एक शिष्य, ज्याचे स्वतःचेच केस आता कानांपाशी पिकू लागले होते, आपल्या जुन्या गुरूंकडे एका यंत्राविषयी सल्ला विचारायला गेला.

शिष्याचे नाव निवास म्हेत्रे. इचलकरंजीत राहून तो जवळच्या एका दूध संघात यंत्रदुरुस्तीचे काम करी. गुरू म्हणजे नाडगौडा सर. पंचवीस वर्षांपूर्वी आयटीआयमध्ये निवासने रेडिओ पहिल्यांदा उघडला, तो त्यांच्याच देखरेखीखाली. सर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण काही अडले की निवासचे पाय अजूनही त्यांच्याच घराकडे वळत.

या वेळी अडले होते ते होम थिएटरच्या रिसीव्हरपाशी. टीव्हीचा आवाज स्वतःकडे घेऊन खोलीभर मांडलेल्या स्पीकरांना वाटून देणारा हा डबा निवासला घ्यायचा होता. तो खिशाला झेपणारा हवा आणि तरीही त्यात काही उणे नको, असा त्याचा हट्ट. आठ महिने तो शोध घेत होता. त्याच्या वहीत चार नावे शिल्लक राहिली होती. एकाची ताकद कमी, दुसऱ्याला जोडण्या कमी, तिसरा तापतो असे कुणीतरी लिहिलेले, चौथ्याला छताकडून येणारा आवाज जमत नाही. एक नाव पक्के करावे, तर दुसऱ्याच दिवशी त्याच्याविषयी एखादे वाईट वाक्य वाचनात येई आणि सारे मुसळ केरात जाई.

ही तगमग केवळ हौसेपोटी असती तर सांगण्याजोगी नव्हती. तिच्यामागे निवासचे वडील, अण्णा, होते.

अण्णांनी चौतीस वर्षे यंत्रमागांवर काढली. त्या खडखडाटात माणूस माणसाशी बोलतो तो ओठांनी आणि बोटांनी. कानांचा तिथे उपयोग नसतो. निवृत्त होऊन घरात बसल्यावर कळले की कान तिथेच राहून गेले आहेत. कानात घालायचे यंत्र आणले, पण त्यातून स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा खणखणाट असा अंगावर येई की अण्णांनी ते कपाटात ठेवून दिले ते कायमचे.

दर रविवारी दुपारी घर मिळून सिनेमा पाही. अण्णाही बसत. सगळे हसले की हसत, सगळे गप्प झाले की गंभीर होत. पण त्यांचे हसू नेहमी अर्धा क्षण मागे असे. एका रविवारी, सिनेमातल्या अत्यंत दुःखाच्या प्रसंगी, नातीला शिंक आली म्हणून निवासची बायको सुजाता हसली. तिच्या तोंडाकडे पाहून अण्णाही मोठ्याने हसले. पडद्यावर चिता पेटलेली होती. आपले चुकले हे त्यांना लगेच कळले. पुढच्या रविवारी ते म्हणाले, मला देवळाच्या कट्ट्यावर जरा काम आहे. त्यानंतर दर रविवारी त्यांना कट्ट्यावर काम निघू लागले. ती रिकामी खुर्ची निवासला सलत राहिली. ज्या आवाजाने अण्णांचे कान नेले, त्याच आवाजावर आपले शिक्षण झाले, हे तो विसरू शकत नव्हता. एक चांगले यंत्र आणले तर अण्णा परत येऊन बसतील, एवढीच त्याची आशा होती.

सरांनी वही चाळली आणि मिटून बाजूला ठेवली. चारांपैकी कशात प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता येतो, असे त्यांनी विचारले. निवास म्हणाला, चारांतही येतो. मग त्यातला सर्वांत स्वस्त घे, असे सांगून ते चहा आणायला उठले.

निवास खट्टू झाला. आठ महिन्यांच्या अभ्यासाचा निकाल पाच मिनिटांत लागला होता. तरी गुरूंचा शब्द म्हणून त्याने तोच डबा आणला. पुढे दोन, मागे दोन, टीव्हीखाली मधला एक आणि कोपऱ्यात दणका देणारे चौकोनी खोके, अशी सारी मांडणी दोन दिवस खपून केली. रविवारी अण्णांना हाताला धरून खुर्चीत बसवले आणि लढाईचा सिनेमा लावला. तोफा गडगडल्या, खिडकीचे तावदान थरथरले, नात टाळ्या पिटू लागली. निवास पडद्याकडे नव्हे, अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. अण्णा वीस मिनिटे बसले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “झ्याक आवाज हाय.” आणि चप्पल घालून कट्ट्यावर गेले.

त्या मायेच्या शब्दांनी निवासला जेवढे लागले तेवढे कुणी रागावले असते तरी लागले नसते. आपण हात आखडता घेतला म्हणूनच असे झाले, अशी त्याची खात्री पटली. यंत्र परत घेण्याची दुकानदाराची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. तो तडक सरांकडे गेला. स्वर चढू दिला नाही, पण स्वस्ताचा सल्ला महागात पडला, हे आडून सांगितलेच. सरांनी ऐकून घेतले, तारेचे एक भेंडोळे पिशवीत टाकले आणि म्हणाले, चल, तुझ्या घरी जाऊ.

घरी आल्यावर त्यांनी यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. सुजाताकडे कापूस मागितला. त्याचे दोन बोळे करून निवासच्या दोन्ही कानांत घट्ट बसवले, वरून मफलर गुंडाळला आणि त्याला अण्णांच्या खुर्चीत बसवले. सुजाता चकित होऊन दारात उभी राहिली. सरांनी तोच सिनेमा लावला.

निवासला प्रथम गंमत वाटली. मग वाटेनाशी झाली. तोफांचा दणका पायांतून वर चढत होता. वाद्यांचा एक दाट, बोथट गोंगाट चहूबाजूंनी कानांवर दाबला जात होता. पडद्यावर दोन माणसे पोटतिडकीने काहीतरी बोलत होती, आणि त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. आवाज तर खोली भरून होता. मधेच सर त्याच्याकडे वळून काही बोलले. निवास हसला आणि मान डोलावली.

सर हसले नाहीत. ते नुसते पाहत राहिले. तेव्हा निवासच्या ध्यानात आले की त्यांनी काय विचारले ते आपल्याला मुळीच कळलेले नाही, आणि तरीही आपण मान डोलावली आहे. ते हसू आपल्या चेहऱ्यावर कुठून आले, हेही त्याला उमगले.

सरांनी उठून कोपऱ्यातले खोके बंद केले. गोंगाटाचा तळ निघून गेल्यासारखे झाले. मग मागच्या दोन स्पीकरांच्या तारा काढल्या, नंतर पुढच्या दोघांच्या. उरला एकटा मधला. त्याला त्यांनी आणलेली लांब तार जोडली, स्टुलावर ठेवून तो खुर्चीशेजारी आणला आणि रिमोटवरून त्या एकाचाच आवाज थोडा थोडा चढवत नेला.

“...आईला एवढंच सांग, की मी घाबरलो नव्हतो.”

पडद्यावरचा सैनिक बोलत होता. कापसाच्या बोळ्यांतून, मफलरमधून, शब्द न् शब्द निवासला ऐकू आला. त्याने मफलर सोडला, कानांतला कापूस काढला आणि हातात धरून ठेवला.

मग त्याने विचारले, “सर, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू वहीत उतरवून घेतलं असतंस, आणखी एक मुद्दा म्हणून.” सर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. “हे बघ निवास. मागाच्या खडखडाटानं कान जातात ते सरसकट जात नाहीत. गडगडाट ऐकू येत राहतो, शब्दांची धार तेवढी बोथट होते. ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘प’, सगळं एकाच पाण्यात विरघळतं. सिनेमात माणसांचं बोलणं बहुतेक या मधल्या स्पीकरातून येतं, आणि बाकीचे पाच जण मिळून त्याच्यावर गोंगाट घालतात. तू आणखी महागडा डबा आणला असतास, तर तोच गोंगाट आणखी सुरेख झाला असता. आठ महिने तू एका यंत्राची दुसऱ्या यंत्राशी तुलना केलीस. त्यातलं एकही यंत्र अण्णांच्या कानांशी ताडून पाहिलं नाहीस. या डब्यात काही कमी नाही रे. आणि तुझ्यातही नाही.”

शेवटचे वाक्य त्यांनी सहज उच्चारले, पण आठ महिन्यांचे ओझे त्याने उतरले. दुकानात काही परत न्यायचे नव्हते. आपल्या तोकड्या खिशामुळे वडील दुरावले, हे खरे नव्हते. निवासने मोकळा श्वास घेतला, आणि दारात उभ्या सुजाताने पदराने डोळे टिपले.

सरांनी जाण्यापूर्वी बाकीच्या तारा पुन्हा जोडून दिल्या, पण त्या स्पीकरांचे आवाज इतके खाली आणले की त्यांनी पाहुण्यासारखे हळू बोलावे. आणि पुढच्या आठवड्यात अण्णांचे कान एकदा नीट तपासून घे, हेही त्यांनी बजावले. स्पीकर घरात बोलेल, रस्त्यावर बोलणार नाही.

रविवारी निवासने अण्णांना आग्रह केला नाही. एक जुना विनोदी सिनेमा लावला आणि दार उघडे ठेवले. चप्पल शोधता शोधता अण्णा थांबले. खुर्चीशेजारच्या स्टुलाकडे त्यांनी संशयाने पाहिले, मग टेकले, मग नीट बसले. पडद्यावर एक कंजूष सासरा जावयाला चहाऐवजी सल्ला पाजत होता. अण्णांची मान हळूहळू स्पीकरकडे कलली. कुणीही हसण्यापूर्वी ते खुदकन हसले. सुजाताने निवासकडे पाहिले. निवासने पडद्यावरची नजर हलवली नाही. हलवली असती तर तिला पाणी दिसले असते.

त्या यंत्राच्या खोडी पुढे कळल्याच. मधूनच ते टीव्हीला ओळखत नाही, मग बंद करून पुन्हा चालू करावे लागते. उन्हाळ्यात तापते, म्हणून त्याच्या डोक्यावर काही ठेवायचे नाही. ज्या सोयींसाठी निवास झुरला, त्यांतल्या निम्म्या त्याला आता आठवतही नाहीत. वही अण्णांच्या नातीने चित्रे काढायला नेली.

पण खुर्ची पुन्हा भरली त्या रविवारी, सिनेमा ऐन रंगात आला असताना, अण्णा अचानक निवासकडे वळले. त्यांच्या कपाळावर आठी होती. निवासची नजर दारातल्या चपलांकडे गेली.

“बारीक कर की रं जरा,” अण्णा म्हणाले. “एवढा मोठ्यानं कशाला लावलायस? म्या काय भैरा हाय व्हय?”

निवासने रिमोट उचलला आणि आवाज दोन घरे कमी केला.

आपल्या माणसासाठी उत्तमोत्तम शोधायला निघालेल्याने, निघण्यापूर्वी घटकाभर त्याच्या जागी बसून यावे. पुष्कळदा बाजाराची अर्धी वाट तिथेच संपते.