पोटच्या पोरासारखा लॅपटॉप

आमच्या सोसायटीचे चेअरमन उकिडवे यांना नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणाऱ्याची स्कूटर दुसऱ्याच दिवशी पार्किंगमधून रस्त्यावर जायची.

मुलाने गेम खेळून खेळून पिळून काढलेला जुना लॅपटॉप त्यांना खपवायचा होता. त्यांनी गाठलं तळमजल्यावरच्या वैजूला, कारण तिला अ‍ॅनिमेशन शिकायला स्वस्तातला लॅपटॉप हवाच होता. रविवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"जुना असला तरी गेमिंगचा आहे! कसलाही गेम लाव, तापायचा नाही. पोटच्या पोरासारखा जपलाय. घेतेस ना? की स्कूटरची जागा बदलू?"

"घेते की काका," वैजू म्हणाली. "मी एक गेम लावते, तेवढा वेळ तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसा. पोटचंच पोर ना?"

सगळे बघत होते, त्यामुळे उकिडवे पातळ लेंग्यानिशी ऐटीत बसले. गेम सुरू झाला. लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. उकिडवे आधी हसले, मग घामाघूम झाले, मग त्याला या मांडीवरून त्या मांडीवर सरकवू लागले. शेवटी "आई गं!" करत ताडकन उठले आणि तो वैजूच्या हातात कोंबू लागले.

वैजूने हात मागे घेतले.

"काका, सख्ख्या बापाला मांडीवर धरवेना, ते पोर मी दत्तक कसं घेऊ?"

त्यानंतर उकिडव्यांनी स्कूटरचा विषय कधी काढला नाही. काढला असता, तर कुणीतरी नक्की मांडीची चौकशी केली असती.