भारद्वाज राजा आणि दुधीचा वेल

एका राज्यात दुधीभोपळ्याला राजवाड्यात यायची मनाई होती. ते आजाऱ्याचे अन्न, असे राजा चित्रबाहूचे मत होते. आणि राजाचे मत म्हणजे कायदा. त्यामुळे दुधी खायचा झाला, तर प्रजेलाही आधी आजारी पडावे लागे.

एकदा राजा शिकारीत वाट चुकला आणि तुंबनाथ नावाच्या मांत्रिकाच्या झोपडीत पोचला. मांत्रिकाने परसातला दुधी चणाडाळ घालून शिजवला आणि पहिली वाढ पाहुण्याला वाढली. राजाने न खाताच पान दूर सरकवले.

तुंबनाथ रागावला नाही. मांत्रिक रागावला नाही, की काम मोठे आहे असे समजावे.

"राजा, तू पक्षी होशील," तो म्हणाला. "तुझ्या अंगणात माझा वेल चढेल. त्याचं फळ वाया गेलं, की तुझे मूठभर शब्द झडतील. राणीचं नाव सर्वांत शेवटी जाईल. तेही गेलं, की तू कायमचा पक्षी. वेल तृप्त झाला, तर सुटशील."

सायंकाळी राणी कुमुदावतीच्या गवाक्षात एक भारद्वाज येऊन बसला. पंख तांबूस, डोळे लाल. त्याने घडले ते सांगितले. राणीने ऐकून घेतले आणि विचारले, "पान सरकवलंत?"

"सरकवलं."

"माझ्या माहेरीही सरकवलं होतंत."

"तुझ्या आईला शाप देता येत नव्हता."

राणीने पदराने त्याच्या पंखांवरची धूळ पुसली. भारद्वाजाचे दर्शन शुभ, म्हणून दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला हात जोडू लागले. राजा असताना जोडत, त्याहून मनापासून.

मग वेल आला. मांडवावर चढला, गच्चीवर गेला, धर्मशाळेची कौले त्याने झाकली. दुधी लागत, ते रोज टोपल्यांनी लागत. राणी प्रत्येक फळाला नख लावून बघे. नख रुतले, की कोवळा, तोडायचा. एकही जून होऊ द्यायचा नाही. जून झाला, की वाया गेला, आणि वाया गेला, की राजाचे शब्द गेले.

ती स्वतः चुलीपाशी बसली. दुधीची भाजी झाली, भरीत झाले, हलवा झाला. किसाची थालीपीठे झाली, सालींची चटणी झाली. रवा, गूळ, खोबरे घालून, खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून दुधीचे धोंडस भाजले, तेव्हा प्रधानांनी भर दरबारात वाहवा केली. आठवडाभराने त्यांना उपासतापासाची गोडी लागली. राणीने उपासाची म्हणून दुधीची खीर धाडली.

राजवाड्याची पोटे भरली, तेव्हा तिने दुधी घरोघर वाटले. इथे घात झाला. त्या राज्यात कुणाचे भांडे रिकामे परत करत नसत. लोकांनी टोपल्या परत केल्या, त्या आपापल्या परसातले दुधी भरून. शापाचा कुठला आणि प्रजेचा कुठला, हे आता कुणाला कळेना. सगळेच खाणे आले. काही कोपऱ्यात राहून नासले.

राजाचे शब्द झडू लागले. आधी 'सिंहासन' गेले, 'खजिना' गेला. कुणाच्या लक्षातही आले नाही, त्याच्या तर नाहीच. मग एका दुपारी त्याला 'उशी' आठवेना. राणी घाबरली आणि तुंबनाथाकडे गेली.

"बाबा, वेलाला काय हवं?"

"कुणी दिलं नाही, ते दे."

राणीने वेलाच्या मुळाशी गाईचे दूध घातले. वेलाने दुप्पट दुधी दिले. तिने चांदीच्या खांबांचा मांडव घातला. वेल त्यावर चढला आणि तिप्पट दुधी दिले. तिसरे काय द्यावे, ते तिला सुचेना. ती मांडवाखाली बसली, हाताला किसणीच्या जखमा.

भारद्वाज एका रुंद पानापुढे बसून होता. राणीने पान सारले. मागे एक थोराड दुधी लपला होता. तिने नख लावले. नख रुतले नाही.

"हा राहिलाच कसा? तोडते."

"राहू दे," भारद्वाज म्हणाला. त्याच्यापाशी आता थोडेच शब्द उरले होते.

"जून झालाय, महाराज."

"आपणही. टाकलं नाहीस मला."

राणीचा हात थांबला. तिने मांडवाकडे पाहिले. या वेलाला जे लागले, ते सगळे आपण कोवळेच खुडले. त्याचे म्हणून एक फळ कधी ठेवले नाही. मग तो फळांवर फळे धरणार नाही, तर काय करणार?

"पण हा वाया गेला असं ठरलं, तर माझं नावही जाईल."

"भीती वाटते," भारद्वाज म्हणाला. "तरी राहू दे."

तिने राहू दिला.

वेलाला नवे फूल आले नाही. पाने पिवळी पडली. तो एकच दुधी वाळत गेला, कवच लाकडासारखे झाले. एका सकाळी भारद्वाज तिच्या मांडीवर येऊन बसला आणि नुसताच घुमला, हूप, हूप.

"माझं नाव काय?" राणीने विचारले.

हूप.

नाव चोचीपर्यंत येऊन अडले होते. तेवढ्यात देठ सुटला आणि वाळका दुधी तिच्या ओंजळीत पडला. राणीने तो कानाशी नेऊन हलवला. आत बिया वाजल्या, पाळण्यावरच्या खुळखुळ्यासारख्या.

ती हसली, रडता रडता. "बी धरलंन् हो यानं! वाया कुठला गेला?"

"कुमुदावती," मांडीवरचा पक्षी म्हणाला.

पिसे गळाली. राजा उभा राहिला, थोडा वाळलेला, बाकी तसाच. सगळे शब्द परत आले. 'सिंहासन' सर्वांत मागून.

त्या दिवशी तुंबनाथाला जेवायला बोलावले. राजाने प्रजेच्या परसातला दुधी स्वतः वाढला आणि स्वतःही पान पुसून खाल्ला. राणीने विचारले, "आणखी वाढू?"

राजाने क्षणभर विचार केला. "थोडा," तो म्हणाला.

बिया घरोघर गेल्या. तेव्हापासून त्या राज्यात वेलावरचे एक फळ वेलाचेच मानतात, आणि त्याला कुणी नख लावत नाही. त्यांच्या वेलाला तृप्ती आली, तशी तुमच्याआमच्या अंगणातल्या वेलाला येवो.