घरात कोणी नाही

“म्हणजे महागातलं घ्यायला हवं होतं का, स्वामीजी?”

परागने हे तिसऱ्यांदा विचारलं. स्वामीजी चुलीपाशी बसून राजमा निवडत होते. मान वर न करता त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला.

राणीखेतच्या पुढे, देवदारांच्या उतारावर त्यांची दोन खोल्यांची कुटी होती. स्वामीजी मूळचे वाईचे. चाळीस वर्षांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. गावातले लोक त्यांना मराठी बाबा म्हणत. पराग सबनीस तरुणपणी दोन उन्हाळे त्यांच्यापाशी उपनिषदं वाचून गेला होता. तेव्हापासून तो चारचौघांत स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेई.

आज तो डोकं भादरलेला, मफलर गुंडाळून बसला होता. वडिलांचा तेरावा कालच झाला होता.

अप्पा सबनीस वन खात्यातून निवृत्त झाले आणि कुटीपासून मैलभर वर घर बांधून राहिले. बायको गेल्यावर एकटेच राहत. वय ब्याऐंशी, पण पुण्याला यायचं नाव काढत नसत. म्हणून परागने गेल्या मे महिन्यात त्यांच्या घरात हीटिंग बसवून दिलं. खोल्याखोल्यांतून गरम पाण्याचे पाइप, आणि ते कधी तापवायचे, कधी थांबवायचे हे ठरवणारा थर्मोस्टॅट. बशीएवढा, पांढरा, भिंतीवर लावलेला.

तो निवडायला परागला तीन महिने लागले होते. अकरा कंपन्यांचा तक्ता केला. वापरणाऱ्यांचे अभिप्राय वाचले. शेवटी परवडणारा आणि तरीही हुशार असा एक सापडला. फोनवरून चालणारा, माणसाच्या सवयी शिकणारा. आणि बराच वेळ हालचाल दिसली नाही, तर घर रिकामं आहे असं धरून आपोआप बंद होणारा.

परागला सगळ्यात जास्त कौतुक होतं ते या शेवटच्या गुणाचं.

“महागातल्याला श्वाससुद्धा कळतो म्हणे,” तो म्हणाला. “माणूस नुसता बसून असला तरी. स्वस्तातल्याला हालचाल लागते. मला माहीत होतं हे. तक्त्यात त्याचा रकानाच होता. पण मला वाटलं... घरातला माणूस हलेलच की.”

स्वामीजी निवडत राहिले.

“अप्पा दिवसदिवस खिडकीपाशी बसून असतात, हे मला कोणी सांगितलंच नाही.”

“तुझी आई गेल्यापासून तिथेच बसत,” स्वामीजी म्हणाले. “तू मे महिन्यात आलास, तेव्हाही तिथेच होते.”

परागने खिशातून फोन काढला, पुन्हा ठेवला.

“तुला फोनवर काय यायचं?”

“संदेश यायचा.”

“काय लिहिलेलं असायचं?”

“घरात कोणी नाही. बचत सुरू.”

“कधी कधी?”

“डिसेंबरात रोजच यायला लागला. दिवसातून दोनदासुद्धा.”

“तुला काय वाटायचं?”

“मला वाटायचं, अप्पा फिरायला जातात. बरं वाटायचं मला. ऑफिसात दाखवायचो. म्हणायचो, बघा, ब्याऐंशीव्या वर्षी...”

“डिसेंबरात इथे बर्फ असतं, पराग.”

चुलीतलं लाकूड सरकलं. स्वामीजींनी ते चिमट्याने आत लोटलं.

“बोलायचात कधी?”

“दर रविवारी. मी विचारायचो, घरात ऊब आहे ना? ते म्हणायचे, आहे.”

शेवटच्या रविवारी अप्पांचा आवाज खोल गेला होता. सर्दी झाली असेल, असं परागला वाटलं. त्याने पुण्यातून, सोफ्यावर बसल्या बसल्या, तापमान दोन अंशांनी वाढवलं आणि समाधानाने फोन ठेवला. यंत्राच्या लेखी घर रिकामं होतं. कोणी घरात आलं की मग वाढवायचं, म्हणून त्याने ते दोन अंश राखून ठेवले, हे परागला नंतर कळलं.

आठवड्यातून दोनदा कामाला येणाऱ्या हंसादेवीला अप्पा खुर्चीतच तापाने फणफणलेले सापडले. चौथ्या दिवशी हल्द्वानीच्या इस्पितळात न्यूमोनियाने गेले.

“मी कंपनीवर दावा लावणार आहे,” पराग म्हणाला. “वकिलाशी बोललोय.”

स्वामीजींनी सूप खाली ठेवलं.

“त्यांना समजलं होतं,” ते म्हणाले.

“कोणाला?”

“अप्पांना. हात हलवला की ते सुरू होतं, हे त्यांना समजलं होतं. मार्गशीर्षात मी वर गेलो होतो, तेव्हा माझ्यादेखत हलवला. खुर्चीतूनच. गाडीतल्या माणसाला निरोप द्यावा तसा. थोड्या वेळाने पाइप कोमट झाले. मग आम्ही चहा घेतला.”

“मग... मग पुढे का नाही हलवला?”

“सोडून दिलं त्यांनी. मीही विचारलं, का म्हणून. म्हणाले, माझ्याच घरात मी आहे, हे किती वेळा सांगायचं?”

परागचा आवाज चढला.

“तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही मला कळवलं नाहीत.”

“कार्ड टाकलं होतं.”

परागला आठवलं. पोस्टकार्ड आलं होतं खरं. त्यावर एकच ओळ होती, एकदा येऊन जा. त्याने ते फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावलं होतं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवलं होतं, आमच्या गुरूंचं अक्षर बघा म्हणून.

“स्पष्ट लिहायचं होतं तुम्ही.”

“हो,” स्वामीजी म्हणाले. “लिहायला हवं होतं. कार्ड टाकलं आणि आपलं झालं, असं मीही धरून चाललो. तेवढा दोष माझा.”

“निदान इथे घेऊन यायचं त्यांना.”

“बोलावलं. नाही आले. म्हणाले, पराग न कळवता आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर?”

परागने मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. दुपार कलली होती. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं होतं.

“मला काहीतरी सांगा, स्वामीजी,” तो अखेर म्हणाला. आवाजात आता दावा नव्हता, वकील नव्हता. “हे घेऊन मी जगायचं कसं?”

स्वामीजींनी हात मांडीवर ठेवले. डोळे मिटले.

पराग वाट पाहू लागला.

चुलीवर पाण्याचं आधण सणसणत होतं. बाहेर कुठेतरी फांदीवरून बर्फ घसरून पडल्याचा आवाज झाला. स्वामीजी हलले नाहीत. घोंगडीखाली त्यांची छाती वरखाली होते आहे की नाही, तेही दिसत नव्हतं.

परागने घसा खाकरून पाहिला.

खाली रस्त्यावर टॅक्सी उभी होती. काठगोदामहून गाडी गाठायची होती. म्हातारं माणूस, विस्तवाची ऊब... डोळा लागला असेल. झोपमोड कशाला करायची? त्याने घड्याळात पाहिलं. सात मिनिटं झाली होती.

तो आवाज न करता उठला. लांबूनच वाकून नमस्कार केला आणि उंबऱ्याशी जाऊन बूट घालायला बसला.

“निघालास?”

परागने दचकून मागे पाहिलं. स्वामीजींचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“मला वाटलं... तुम्हाला झोप लागली.”

“ते यंत्र किती वेळ थांबायचं रे? घरात कोणी नाही, असं ठरवण्याआधी?”

परागच्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली.

“दोन तास.”

“दोन तास,” स्वामीजी म्हणाले. “म्हणजे बराच वेळ थांबायचं.”