भिंतीवरचा पाळणा

एकदा काय झालं, भिवरा नावाची एक चितारीण होती. ती माणसं काढत नसे, देव काढत नसे. घरातल्या मुक्या वस्तू तेवढ्या काढायची. पण बारीक रेघेला बारीक रेघ अशी खेटवायची, की बघणाऱ्याला वाटावं, वस्तू हलतेय.

आधी तिनं घागर काढली. तिच्यातलं पाणी असं हिंदकळलं, की तहानलेली चिमणी भिंतीवर चोच आपटून मेली. मग शेगडी काढली. निखारे असे फुलले, की एक म्हातारी शेकत बसली आणि बसल्या जागी गारठून गेली. भिवरानं कुंचला आढ्याला खोचून ठेवला. म्हणाली, "आता पुरे."

पण राजाचं बोलावणं आलं. त्याचं बाळ अकराव्या दिवशी गेलं होतं, बरं का. बारसं नाही, नाव नाही. राजानं पाळणा माळ्यावर टाकला, तेव्हापासून राणी बोलेना.

"भिवरे, भिंतीवर पाळणा काढ. हलणारा."

"महाराज, रिकामा पाळणा हलवू नये. गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"काढ, नाहीतर तुझी बोटं राहणार नाहीत."

मग काय करते? काढला. पाळणा हलला. राणी हसली. राजानं भिवराला मोत्यांचा कंठा दिला.

पण राणी भिंतीपुढून उठेचना. नजर काढली तर पाळणा थांबेल, बाळ जागं होईल, म्हणे. पहिल्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी ओठ काळेनिळे झाले. राजा घाबरला. "पूस ती भिंत!"

भिवरा चुन्याचं मडकं घेऊन गेली, तर राणी आडवी आली. "पुसलंस तर इथंच कपाळ फोडून घेईन."

भिवरानं मडकं खाली ठेवलं. आपल्याच हातानं बाई मारली, असं तिला वाटलं. मग तिला आठवलं. बारशाला पाळण्यात आधी कोण निजतं? वरवंटा! त्याला कुंची घालतात, झोका देतात, मग बाळाची पाळी. या पाळण्यात तो निजलाच नव्हता.

"पुसत नाही, बाईसाहेब. राहिलेलं बारसं करते."

तिनं पाळण्यात वरवंटा काढला. काळा, जड. एकही बारीक रेघ नाही. नजर त्या दगडावर गेली की तिथंच टेकायची. पाळणा हळूहळू थांबला.

"निजलं?" राणीनं विचारलं.

"निजलं, बाईसाहेब. आता कानात नाव सांगा. आत्याचा मान, पण आज तुमचा."

राणीनं भिंतीला ओठ लावले. काय नाव सांगितलं, कुणालाच ऐकू आलं नाही. मग तिनं असा हंबरडा फोडला, की वाड्यावरची कबुतरं उडाली. रडून रडून दमली आणि वाटीभर पेज प्यायली.

पुढं तिला मुलगी झाली, माळ्यावरचा पाळणा खाली आला, सगळी सुखानं नांदली. भिंतीवरचा मात्र पुन्हा हलला नाही.

चला, मिटा डोळे. आणि तो पाय हलवणं थांबव रे. पाळणासुद्धा थांबला ना?