बकुळेची चौकशी

“...मग मी कोण, एवढं तरी सांगाल?”

केशरगिरी बुवांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर मांडी घालून ते अंबाडीची दोरी वळत बसले होते. खाली नदी संथ वाहत होती.

विचारणारी बाई पन्नाशी ओलांडलेली. नाव सुहासिनी. शहरातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. नवरा डॉक्टर, स्वभावाने गरीब. घर खाऊन-पिऊन सुखी.

त्या हिवाळ्यात तिच्या सासूबाई वारल्या. कितीतरी वर्षं त्या आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या आणि दिवसभर ‘सुहास, अगं सुहास’ असा त्यांचा पुकारा चालायचा. तो थांबला. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. मग एका दुपारी स्वयंपाकघरात उभं असताना सुहासिनीच्या मनात आलं, की आता आपल्याला कुणी हाक मारत नाही. आणि हाक नसताना इथे उभी असलेली ही बाई कोण, ते काही आपल्याला ठाऊक नाही.

झालं. तिने शोध घ्यायचं ठरवलं. आणि एकदा ठरवलं की ती कुठलीही गोष्ट अर्धी सोडणारी नव्हती. शिबिरं केली. मौन पाळलं. पहाटे उठून डोळे मिटून बसली. पुस्तकांत पेन्सिलीने रेघा मारल्या. शेवटी कुणीतरी नदीकाठच्या या गोसावीबुवांचं नाव सांगितलं, तेव्हा पिशवी भरून इथे येऊन थडकली.

“देह मी नाही,” ती म्हणाली. “मन मी नाही, बुद्धीही मी नाही. इथपर्यंत माझं झालेलं आहे, बुवा. त्याच्या पुढचं सांगा.”

“इथपर्यंत झालं?”

“हो.”

“मग एसटीचं तिकीट कुणी काढलं?”

सुहासिनीला राग आला. वर्गात आगाऊ उत्तर देणाऱ्या मुलीकडे बघावं तसं तिने बुवांकडे पाहिलं. बुवांचं लक्ष दोरीतच होतं.

“नाव काय म्हणालीस?”

“सुहासिनी.”

“कुणी ठेवलं?”

“सासूबाईंनी. लग्नात. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने लिहिलं.”

“त्याआधी बिननावाची होतीस?”

“बकुळा,” ती म्हणाली. कितीतरी वर्षांत ते नाव तिने उच्चारलं नव्हतं. जिभेला ते नवखं वाटलं.

“मग तिला विचार.”

“बुवा, ती आता कुठे भेटायची?”

“घरातली किल्ली हरवली तर काय करतेस?”

“शोधते.”

“कुठे?”

“शेवटची जिथे पाहिली होती तिथे...”

बुवांनी दोरीला नवा पेड लावला.

ती उठून पायऱ्या उतरायला लागली, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. “आणि हे बघ. तिथे गेल्यावर मीच ती, असं सांगू नकोस. नुसती चौकशी कर.”

हिंगणवाडी तिचं माहेर. वडील गावचे गुरव. ते गेले, आई गेली, भाऊ घर विकून शहरात स्थायिक झाला. त्यानंतर तिकडे जायचं कारणच उरलं नव्हतं.

एसटीतून उतरली तेव्हा तिला कुणी ओळखलं नाही. डोळ्यांवर चष्मा, कापलेले केस, अंगात सुती कुर्ता. तालुक्याहून आलेली कुणी आरोग्य खात्याची बाई असेल, असं लोकांना वाटलं.

फाट्यावर चहाचं दुकान होतं. दुकानदाराला तिने ओळखलं, हा वर्गातला दिगंबर.

“इथल्या गुरवाची बकुळा म्हणून होती. आठवते का?”

“आठवते की,” दिगंबर म्हणाला. “माझ्याच वर्गात होती. लई गरीब पोरगी. तोंडातून शब्द फुटायचा नाही. कुणी नाव विचारलं तरी रडायची.”

सुहासिनीने मान हलवली. आपण अशाच होतो, असं तिलाही वाटत आलं होतं.

पुढे पारावर गंगूआत्या ऊन खात बसल्या होत्या. खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण आवाज तोच. सुहासिनीने दिगंबरचं सांगणं त्यांना ऐकवलं.

“गरीब?” आत्या म्हणाल्या. “कोण म्हणलं गरीब? त्या दिग्याला काय कळतंय? अगं, ती बकुळी म्हणजे इंगळ होती इंगळ. माझ्या सगळ्या कोंबड्यांना तिनं गावातल्या बायकांची नावं ठिवली हुती. सकाळच्या पारी वट्यावर उभं ऱ्हाऊन हाका मारायची. सरपंचाची बायको एकदा ‘ओ’ देऊन बाहेर आली. मग काय, गावभर भांडणं.”

सुहासिनीला यातलं काहीच आठवत नव्हतं. तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

“तिनं केलं होतं हे? नक्की?”

“तर. मी काय खोटं बोलती?”

शाळेशेजारच्या घरात सबनीस मास्तर होते. अजून ताठ बसायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, “बकुळा ना? गळा चांगला होता. वडिलांच्या मागे आरतीला उभी राहायची, तेव्हा ऐकत राहावं. पण गणितात अगदी ढ. पावकी म्हणून पाठ होईना पोरीची.”

“गणितात?” सुहासिनी म्हणाली.

“गणितात. का हो?”

“काही नाही...”

अशी ती गावभर फिरली. एकीने सांगितलं, फार देवभोळी होती. दुसरीने सांगितलं, देवापुढचा नारळ पळवून खायची. प्रत्येकाकडे एक बकुळा होती आणि एक दुसरीला ओळख देत नव्हती. चालता चालता सुहासिनीच्या लक्षात आलं, की आपण शोधायला आलोय हे विसरून ‘पुढची कशी निघते’ याचीच वाट बघतोय.

शेवटी ती पिठाच्या गिरणीशी आली. पट्टा फटफटत होता. आत एक धिप्पाड बाई, भुवयांपासून पापण्यांपर्यंत पांढरी. ती मंजुळा. एका बाकावर बसून दोघींनी चिंचा खाल्ल्या होत्या, एकाच तापाने दोघी आजारी पडल्या होत्या.

“काय दळायचंय?” मंजुळा पट्ट्याच्या आवाजावर ओरडली.

“दळायचं नाही. चौकशी होती. गुरवाची बकुळा...”

मंजुळाने खटका ओढला. गिरणी थांबली. पट्टा हळूहळू निजला. एवढी शांतता झाली की बाहेर चिमण्या दाणे टिपताना ऐकू येऊ लागल्या.

“तिचं काय?”

“ओळखता तिला?”

मंजुळाने उलट विचारलं, “तुम्ही तिच्या कोण?”

सुहासिनीने तोंड उघडलं.

बहीण म्हणावं तर नाही. मैत्रीण म्हणावं तर ती समोर उभी. देह नाही, मन नाही, बुद्धी नाही, असली उत्तरं तिला झोपेत पाठ होती. पण ‘तुम्ही तिच्या कोण’ याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. बकुळा तिची कुणीतरी होती, एवढंच आतून कळलं.

“...मी तिच्या सासरकडची,” ती कशीबशी म्हणाली.

“मग एक निरोप द्या तिला. म्हणावं, मंजुळा रागावलीय. सासरी निघताना गाडीत बसली, पण एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई तिनं. मी वेशीपतूर पळत आले हुते.”

“तिला वळायचं होतं,” सुहासिनी म्हणाली. “शेजारी तिची सख्खी आत्या बसली होती. वळून बघू नये, अपशकुन असतो, म्हणाली. तिने मान धरून ठेवली होती घट्ट... मान दुखत होती नंतर कितीतरी दिवस.”

“तुम्हाला काय ठावं?”

“मला...”

मंजुळाने पदराने तोंड पुसलं. पिठातून एक जुना चेहरा बाहेर आला.

“बकुळे,” ती म्हणाली, “अजून किती येळ सासरची म्हणून उभी ऱ्हाणार हैस? दारात आलीस तवाच वळखलं मी. एका पायावर भार देऊन बगळ्यागत उभी ऱ्हातीस अजून.”

सुहासिनीने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

खरंच की. डावा पाय उजव्या पोटरीला टेकलेला.

आधी तिला रडू येईल असं वाटलं. पण आलं ते हसू. पोटातून आलं. ती तिथेच ज्वारीच्या पोत्यावर बसली आणि हसत सुटली. तिचं बघून मंजुळा हसायला लागली, आणि दळण घेऊन दारात खोळंबलेल्या बायका, काही कळलं नव्हतं तरी, त्याही हसायला लागल्या.

त्या दिवशी गिरणी परत चालू व्हायला बराच उशीर झाला.

सुहासिनी संध्याकाळच्या एसटीने परतणार होती. परतली नाही. मंजुळाकडेच राहिली. तिच्या जुनेरात वावरली, गिरणीवर दळणं करून दिली, पिठाने पांढरी झाली. गंगूआत्यांकडे जाऊन कोंबड्यांची नावं पुन्हा एकदा ऐकली. मास्तरांना तिने आपण कोण ते सांगितलं, आणि गणित शिकवते हेही सांगितलं. मास्तरांनी तिला तिथल्या तिथे पावकी म्हणायला लावली. ती अडखळली. मास्तर समाधानाने म्हणाले, “मी म्हणत नव्हतो?”

नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

“बकुळा,” तो म्हणाला. “चांगलं आहे गं. आईनं सांगितलं ते मी लिहिलं तांदळात. तुला विचारायचं असतं, हे तेव्हा सुचलंच नाही... ती बाई घरी केव्हा येतेय? माझी तिची ओळख नाही.”

“बघते,” सुहासिनी म्हणाली, “तिला विचारून.”

काही दिवसांनी ती बुवांच्या मठात आली. एकटी नव्हती. मंजुळा बरोबर होती, पण वर यायला तयार नव्हती. “मला काय इचारायचं न्हाई बुवांना,” म्हणून ती घाटाच्या खालच्या पायरीवर नदीत पाय सोडून बसली. तिथून दोघी पुढे जत्रेला जाणार होत्या.

बुवा ओट्यावर वांगी चिरत होते. सुहासिनी समोर बसली. यावेळी तिने पिशवीही आणली नव्हती.

“भेटली?” बुवांनी विचारलं.

“भेटल्या,” ती म्हणाली. “पुष्कळ भेटल्या. एक मुखदुर्बळ होती, एक इंगळ होती. एक देवभोळी, एक देवाचा नारळ चोरणारी. एकीला गणित येत नव्हतं, ती तर माझ्या जिव्हारी लागली.”

बुवा हसले.

“आणि तुझ्याकडची?”

“माझ्याकडे तर एकही नव्हती, बुवा. मंजुळा म्हणाली, तुम्ही तिच्या कोण? मला सांगताच येईना.”

“मग?”

“मग काही नाही. मी हसायला लागले. पोटात दुखेपर्यंत हसले. त्यानंतर तिथे राहिले. दळण दळलं, जेवले, झोपले.”

“तेव्हा शोध कुठवर आला होता?”

“तेव्हा?” ती आठवू लागली. “तेव्हा शोध... कोण जाणे. तेव्हा लक्षातच नव्हतं.”

बुवांनी वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्या.

खालून हाक आली. “ए बकुळे, चल की. गाडी जाईल.”

सुहासिनी “आले” म्हणून अर्धी उठली. उठता उठता थांबली. इतकी वर्षं वर्गात शेवटी ताळा करून बघायची तिची सवय, ती सहज सुटते थोडीच.

“बुवा, एवढं एकच सांगा,” ती म्हणाली. “इतक्या सगळ्या बकुळा. त्यांतली खरी कोणती?”

बुवांनी विळी आडवी केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“जी हे विचारायला माघारी आली नाही, ती.”